वाकलेलं चाक ठेवलं, सरळ चाक बदललं

मोटारसायकलची चाकं जोडीनं बदलावीत, असं मला निपाणीपासून बेळगावपर्यंत ज्यानं त्यानं सांगितलं. शोरूमच्या काउंटरवरच्या मुलानं सांगितलं, गल्लीत तीस वर्षं बुलेट बाळगून असलेल्या भाऊजींनी सांगितलं, सासऱ्यांनी तर बैलांचा दाखला दिला: एक बैल गेला की दुसराही विकून नवी जोडी आणावी, नाहीतर नांगर वाकडा चालतो. का बदलावीत, हे मात्र कुणालाच सांगता येईना. पैसे मी देणार होते, त्यामुळे ते ‘का’ मलाच शोधावं लागलं.

गाडी अ‍ॅडव्हेंचर-टूरर म्हणतात त्या जातीची, ४०० सीसीच्या आसपासची. पुढे १९ इंची चाक, मागे १७ इंची. दोन्ही ओतीव अलॉय, ट्यूबलेस. नंबर केए-२३, म्हणजे चिक्कोडी आरटीओचा. मागच्या सीटवर बहुतेक वेळा माझी धाकटी जाऊ असते. आम्हा दोघींचे नवरे कारवाले आहेत, घाट त्यांना काच वर करून बघायला आवडतो. त्यामुळे आंबोली, चोर्ला, अनमोड, तिलारी हे आमच्या दोघींच्या वाट्याला आलेलं आहे, आणि तक्रार कुणाचीच नाही.

सप्टेंबरात गोव्यातल्या साखळीहून चोर्ल्यामार्गे परत येत होतो. कणकुंबी आणि जांबोटीच्या मधला तो रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो हे खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. मलप्रभा उगम पावते तो हा मुलूख, पाऊस चार महिने मुक्कामाला. एका वळणानंतर पाण्यानं भरलेला खड्डा आला. पाणी असलं की खोली कळत नाही, आणि समोरून टेम्पो येत असल्यामुळे बाजूला घ्यायला जागा नव्हती. शेवटच्या क्षणी मी पुढचा ब्रेक सोडला. ब्रेक दाबलेला असला की पुढचा शॉकअप आधीच बसलेला असतो, धक्का घ्यायला त्याच्यात काही उरत नाही. सोडला की तो थोडा वर येतो. मग पुढचं चाक आपटलं, लगेच मागचं आपटलं. गाडी सरळ राहिली. जाऊबाईंच्या तोंडून जो शब्द निघाला तो त्या घरात कधी वापरत नाहीत.

जांबोटीत चहाच्या टपरीपुढे गाडी मधल्या स्टँडवर घेतली. पुढच्या चाकाची कड उजव्या बाजूला दोन बोटं रुंदीएवढी आत दबली होती. लांबून बघितलं तरी दिसत होतं. मागचं चाक फिरवून पाहिलं, हातानं चाचपलं, ते जसंच्या तसं. हवा दोन्हीकडे शाबूत. तिथल्या तिथे चहा पिणाऱ्या चौघांनी निकाल दिला: पुढचं चाक गेलं.

पिरनवाडीपर्यंत हळू आलो. पुढे उद्यमबागेत आमच्या नणंदेचा मुलगा एका मशीन शॉपमध्ये तपासणी खात्यात आहे, तिथेच मुक्काम केला. हे नशीब म्हणायचं. बेळगावात बिडाचं ओतकाम करणारे कारखाने पुष्कळ आहेत, आणि ज्या गावात ओतकाम होतं त्या गावात ओतीव वस्तूतला दोष शोधणारी माणसंही असतात. शिवाय हा भाचा आधी काही काळ हत्तरगीकडे विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमशी त्याची चांगली ओळख.

रात्री हवा मोजून ठेवली होती. सकाळी पुढच्या चाकात जशीच्या तशी, आणि मागच्यात ४ पीएसआय कमी. माझा पहिला अंदाज खिळ्याचा. वाकलेल्या चाकातून हवा गेली असती तर कुणाला नवल वाटलं नसतं, ही गेली सरळ चाकातून.

कोपऱ्यावर पंक्चरचं दुकान आहे. तिथल्या मामांनी टायर आणि व्हॉल्व्ह दोन्ही तपासले, साबणाचं पाणी लावलं. टायर आणि रिम जिथे भेटतात ती सगळी कड बघितली. काही नाही. मग चाक काढून पाण्याच्या हौदात घातलं आणि फिरवत बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘‘ताई, टायर चांगला हाय तुमचा. खरं हवा जाऊल्या. ह्या चाकाच्या अंगातनं जाऊल्या बघा.’’ आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे बाहेरच्यांसाठी. बोट ठेवलं तिथे, रिमच्या पट्ट्यावर, मधल्या हबपासून रिमपर्यंत येणाऱ्या एका ओतीव काडीच्या मुळाशी, अगदी बारीक बुडबुडे एकेक करून वर येत होते. टाचणीच्या टोकाएवढे. खिळा शोधत बसणाऱ्याला ते दिसलेच नसते.

भाच्यानं ते पाहिलं आणि लगेच ‘क्रॅक’ म्हणाला नाही, हे मला आवडलं. ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये ओततानाच बारीक छिद्रं राहू शकतात. धातू थंड होताना आत वायू अडकतो किंवा आकसण्यातून पोकळी राहते. वर रंगाचा थर असतो तोवर हवा धरून राहते, रंग निघाला की झिरपते. अशा छिद्रातून हवा जाणं हा त्रास आहे, धोका नव्हे. चीर असेल तर मात्र तोच बुडबुडा वेगळं सांगत असतो. बुडबुड्यावरून दोघांतला फरक कळत नाही. त्याला डीपी, म्हणजे डाय-पेनेट्रंट टेस्ट करावी लागते, रंगीत द्रवानं चीर शोधायची.

त्याआधी मोजमाप. दोन्ही टायर उतरवले. सगळ्यात आधी त्यानं बेअरिंग तपासले, बोट घालून फिरवून, आडवं-उभं हलवून. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर चाक सरळ असूनही डायल गेज, म्हणजे मोजायचा काटा, वाकडं दाखवतो, आणि मग माणूस उगाच नवं चाक घेतो. पुढचे बेअरिंग गुळगुळीत होते. मागच्यातला एक किंचित खरखरत होता, तरी खेळ नव्हता. मग चाक त्याच्याच अ‍ॅक्सलवर घालून दोन व्ही-ब्लॉकवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, ठेवलं आणि चुंबकाच्या बुडाचा डायल गेज लावला. सायकलच्या दुकानात ‘आऊट काढणं’ म्हणतात तसलंच हे, फक्त इथे काढता येत नाही, मोजता येतो. आऊट दोन तऱ्हेचा असतो: चाक डावी-उजवीकडे किती डुलतं ते एक, आणि वर-खाली किती उडतं ते दुसरं. काटा रिमच्या बाहेरच्या कडेवर न लावता टायर जिथे बसतो त्या जागेवर लावायचा. कड दबलेली दिसते म्हणून आपण घाबरतो, पण टायर बसतो कडेच्या आत.

जपानी गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ही मर्यादा सहसा दोन्ही दिशांना २ मिलिमीटर असते, तीच आम्ही धरली. पुढचं चाक, ज्याला जांबोटीच्या टपरीवर मृत घोषित केलं होतं, ते बाजूला ०.६ आणि वर-खाली दबलेल्या जागी १.३ मिलिमीटर. मागचं बाजूला ०.९ आणि वर-खाली ०.७. म्हणजे डायलच्या हिशोबानं दोन्ही पास. इथे थांबलो असतो तर एकही चाक बदलायचं कारण नव्हतं, आणि मामांच्या हौदातले बुडबुडे मी रंगाचा एक हात मारून बंद केले असते.

डीपी टेस्ट बघायला मजा येते. ज्या भागाची तपासणी करायची तिथला रंग आधी रंग काढायच्या रसायनानं काढायचा. घासून किंवा वाळूचा मारा करून काढायचा नाही, कारण त्यानं मऊ धातू चिरेच्या तोंडावर पसरतो आणि चीर झाकली जाते. मग लाल रंगाचा द्रव फवारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं. तो इतका पातळ असतो की केसापेक्षा बारीक फटीतही ओढला जातो. नंतर क्लीनर लावलेल्या फडक्यानं पुसायचं. क्लीनर थेट चाकावर मारला तर फटीतला लालही धुऊन निघतो. वर पांढरी डेव्हलपर पावडर फवारायची आणि वाट बघायची. फटीत शिरलेला लाल हळूहळू पांढऱ्यावर उमटतो. छिद्र असेल तर ठिपका येतो, चीर असेल तर रेघ.

पुढच्या चाकावर दबलेल्या कडेभोवती काहीच उमटलं नाही. आतून, बाहेरून, दोन्हीकडच्या काड्यांच्या मुळाशी, कोरं. मागच्यावर सुरुवातीला एक ठिपका आला. ‘‘छिद्रच दिसतंय मामी,’’ भाचा म्हणाला. आम्ही चहा मागवला. चहा येईपर्यंत ठिपक्याला शेपूट फुटलं, आणि पेला खाली ठेवेपर्यंत काडीच्या मुळापासून रिमच्या पट्ट्यावर करंगळीच्या पेराएवढी लाल रेघ होती. पुसून पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. रेघ पुन्हा आली, त्याच जागी.

मग प्रश्न पडतो की आपटलं ते पुढचं जास्त, मग चीर मागच्याला का? यावर आमची चर्चा बराच वेळ चालली. पुढचा धक्का कडेवर आला. तिथला धातू पातळ, तो दबला आणि दबता दबता त्यानं धक्का गिळला. मागे जाऊबाई, दोन पेट्या, आणि गोव्याहून आणलेलं जे काही होतं ते, असं सगळं वजन. ब्रेक सोडल्यावर पुढचं हलकं झालं ते वजन जाणार कुठे? मागचा टायर १३०/८०, म्हणजे त्याची भिंत १३० मिलिमीटरच्या ८० टक्के, साधारण १०४ मिलिमीटर उंच. एवढी उंच भिंत असल्यामुळे रिमची कड खड्ड्याच्या काठाला लागलीच नाही. पण सगळा भार रिमच्या पट्ट्यातून काडीत उतरला, आणि काडी जिथे पट्ट्याला मिळते तो कोपरा ताणाचा असतो. कदाचित तिथे आधीच एखादं छिद्र होतं आणि चिरेला तिथून तोंड मिळालं. हे भाच्याचं मत. मला ते पटलं, पण सिद्ध करायला चाक कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावं लागेल.

आता निर्णय. मागचं चाक बाद, यात वाद नव्हता. खरं सांगायचं तर वाद होताच, कारण गावात ‘आर्गन मारून देतो’ म्हणणारे भेटतात. आर्गन वेल्डिंग हे चांगलं काम आहे, इंजिनच्या कव्हरला, सायलेन्सरच्या पट्टीला मीही करून घेतलं आहे. चाकाचं वेगळं. हे अलॉय अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन आणि थोडं मॅग्नेशियम घालून ओततात, आणि ओतल्यावर टी-६ नावाची उष्णता-प्रक्रिया करतात: साधारण ५४० अंशांपर्यंत तापवून पाण्यात थंड करायचं, मग दीडशे-एकशे साठ अंशांच्या आसपास काही तास भाजायचं. चाकाची ताकद या प्रक्रियेतून येते. वेल्डिंगच्या आजूबाजूचा पट्टा पुन्हा तापतो आणि मऊ पडतो. चीर भरली जाते, शेजारचा धातू अशक्त होतो. पूर्ण चाक पुन्हा टी-६ करून द्यायची सोय रस्त्यावरच्या दुकानात नसते. ज्या काडीच्या मुळावर जाऊबाईंचं आणि पेट्यांचं वजन येतं, तिथे मी ते करणार नव्हते.

हाच विचार पुढच्या चाकाला लावला तर गंमत होते. ‘कड सरळ करून देतो’ म्हणणारेही आहेत, हायड्रॉलिक जॅक आणि गॅसची ज्योत घेऊन. पण जे चाक १.३ मिलिमीटरवर आहे, हवा धरून आहे आणि चिरेशिवाय आहे, त्याला ज्योत दाखवून मी मऊ का करू? थंड दाबलं तर ओतीव धातू परत येताना तडकण्याची भीती. दबलेलं आहे तसंच राहू दे, हे त्याच्या तब्येतीला जास्त बरं. फक्त दिसायला वाईट दिसतं.

दिसण्यावरून शोरूमच्या मुलाचा आग्रह होता. नवं मागचं चाक चकचकीत काळं येणार, पुढचं चार पावसाळे खाल्लेलं, शिवाय दबलेलं. ‘‘मॅडम, सेट बरा दिसेल.’’ नाहीतर पुढच्याला पावडर कोटिंग करून घ्या, असंही सुचवलं. पावडर कोटिंग भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजतात, टी-६ च्या शेवटच्या पायरीपेक्षा जास्त. थोड्या वेळासाठी असलं तरी ज्या चाकाला एकदा मार बसला आहे त्याला ते नको. आणि कोटिंगचा जाड थर उद्या होणारी चीरही झाकेल. मला ती दिसायला हवी आहे.

जोडीच्या नियमाचा उगमही या दरम्यान लक्षात आला. तो मोटारीचा नियम आहे, तोही टायरचा. मोटारीच्या एका अ‍ॅक्सलवर डावं-उजवं चाक असतं. एकाचा टायर नवा, दुसऱ्याचा झिजलेला असला की ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते, म्हणून ते दोन एकदम बदलतात. मोटारसायकलची चाकं शेजारी-शेजारी नसतात, मागे-पुढे असतात. माझ्या गाडीत तर मापही वेगळं. पुढचं दिशा आणि बहुतेक ब्रेक सांभाळतं, मागचं वजन आणि ओढ. सासऱ्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मग बैल एकामागं एक जुंपलेत म्हण की.’’ आणि वाद त्यांच्या बाजूनं मिटला.

दोन्ही चाकं बदलायचा एकच विचार मला खरोखर मोहाचा वाटला. अलॉय काढून स्पोकची चाकं घालायची. आमच्या रस्त्यांना स्पोक बरे, यात शंका नाही. ते लवचिक असतात, रिम वाकली तर चांगला मिस्त्री तारा आवळून आऊट काढून देतो, एखादी तार तुटली तर एकटी तारच बदलते. बाजारात ट्यूबलेस स्पोकचे संच मिळतात, पण ते संच म्हणूनच मिळतात, पुढचं-मागचं एकत्र. म्हणजे चांगलं ठरलेलं पुढचं चाक घरात टांगून ठेवायचं. डिस्कचे बोल्ट, एबीएसची रिंग, स्पेसर, सगळं तंतोतंत बसलं पाहिजे. एबीएसचा सेन्सर त्या रिंगचे दात मोजून चाकाचा वेग समजतो, आणि सेन्सर-रिंगमधलं अंतर थोडं चुकलं तरी दिवा लागून बसतो. साधे ट्यूबवाले स्पोक स्वस्त, पण तिलारीच्या उतारावर पंक्चर झालं तर पेट्या उतरवा, अ‍ॅक्सल काढा, चेन उतरवा, टायर उचका, ट्यूब काढा. ट्यूबलेसला चाक जागेवर ठेवून दोरी घातली की झालं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्व्हेअरसमोर उभं राहताना मला तो विषय निघायला नको होता.

सर्व्हेअर म्हणजे विम्याचा. ते प्रकरण थोडं सविस्तर सांगते, कारण एक की दोन हा प्रश्न तिथे पुन्हा येतो. गाडी तीन वर्षं ओलांडून चौथ्यात होती आणि झीरो डेप्रिसिएशन घेतलेलं नव्हतं. अशा साध्या पॉलिसीत धातूच्या भागांना वयाप्रमाणे घसारा कापतात: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, पुढे दहापर्यंत ४०. रबर आणि प्लॅस्टिकला सरसकट ५०. टायरचं आणखी एक आहे. नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही, त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालेलं असेल तर निम्मे. समजा चाक १२,००० रुपयांचं, तर २५ टक्के गेले, उरले ९,०००. दुचाकीला सक्तीची १०० रुपयांची वजावट असते, म्हणजे ८,९००. दुसऱ्या बाजूला नो क्लेम बोनस जातो. तो २०, २५, ३५, ४५, ५० अशा पायऱ्या चढतो आणि एका क्लेमला शून्यावर येतो. हे सगळं कागदावर मांडूनच क्लेम करायचा की नाही ते ठरवावं. एका चाकालाही माझ्या बाबतीत क्लेम परवडत होता. किरकोळ आरशा-इंडिकेटरला परवडत नाही.

सर्व्हेअर आले ते थेट पुढच्या चाकाकडे गेले, दबलेल्या कडेचे फोटो काढले आणि मागच्याकडे बघितलंही नाही. मी त्यांच्यापुढे डायलची नोंद, डीपीचे फोटो आणि लाल रेघ असलेलं प्रत्यक्ष चाक ठेवलं. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘म्हणजे वाकलेलं नको आणि सरळ हवंय?’’ हौद्री, म्हटलं, म्हणजे कन्नडमध्ये ‘होय जी’. गृहस्थ गोकाककडचे, हसले. पण त्यांनी एक रास्त प्रश्न विचारला: ही चीर याच खड्ड्याची कशावरून? आधीची असेल तर हा वेगळा अपघात. प्रवासापूर्वी आणि वाटेत हवा मोजायची माझी सवय आहे, त्या नोंदी फोनमध्ये होत्या. साखळीपर्यंत मागची हवा स्थिर, दुसऱ्या सकाळी ४ पीएसआय कमी. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. जुनं चाक भंगाराच्या भावानं माझ्याच नावावर वजा करून माझ्याकडेच ठेवलं.

पुढचा टायर हा या गोष्टीतला चौथा गडी. तो उतरवला तेव्हा आतल्या बाजूला, दबलेल्या कडेच्या समोर, रबराखालचे धागे तुटून एक आडवी रेघ पडली होती. बाहेरून हात फिरवला तर भिंतीवर हलका फुगवटा लागत होता. रिम आणि खड्ड्याचा काठ यांच्या चिमट्यात तो सापडला होता. असा टायर वरून नवा दिसला तरी भर वेगात फुटू शकतो. म्हणजे हिशोब असा झाला: पुढचं चाक ठेवलं, पुढचा टायर बदलला. मागचं चाक बदललं, मागचा टायर ठेवला. टायर मागच्याच बनावटीचा, त्याच जातीचा घेतला. रेडियल आणि बायस-प्लाय या टायरच्या आतल्या धाग्यांच्या दोन वेगळ्या रचना, त्यांची मागे-पुढे सरमिसळ करू नये, इथे मात्र जोडीचा थोडा मान राखावा लागतो. घेताना बाजूवरचे चार अंक बघितले, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. दुकानदाराला वाटलं मी मोबाइल नंबर शोधतेय.

नवं चाक येतं ते नागडं येतं. बेअरिंग, सील, डिस्क, एबीएस रिंग, स्प्रॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चकतीचा वाडगा आणि चेनचा झटका गिळणारे हब रबर हे सगळं जुन्यावरून नव्यावर जातं. बेळगावातल्या ज्या मिस्त्रींकडे बसवून घेतलं ते जुने बेअरिंग ठोकून काढून तेच घालणार होते. मी नवे दिले. ठोकताना मार आतल्या कड्यावर पडतो आणि गोळ्यांच्या वाटेवर खड्डे उमटतात. शिवाय एक आधीच खरखरत होता. झीज म्हणून विमा त्याचे पैसे देत नाही, पण ते पैसे वाचवण्यात अर्थ नव्हता. दोन बेअरिंगच्या मधली स्पेसर नळी बसल्याशिवाय दुसरा बेअरिंग ठोकू द्यायचा नाही, एवढ्यावर मात्र उभं राहून लक्ष ठेवलं. ती राहिली तर अ‍ॅक्सल आवळल्यावर बेअरिंग जाम होतात. हब रबरमध्ये हातानं जाणवेल एवढी ढिलाई होती, ते रबरही बदलले.

मिस्त्रींनी विचारलं, ‘‘वैनी, दादा येणार का ट्रायल बघायला?’’ जाऊबाई म्हणाल्या, ‘‘दादा न्हाईत, मीच बसणार माघारी. काय वाजलं तर पहिल्यांदा मलाच ऐकू येतंय.’’

बॅलन्सिंगला टायरवरचा पिवळा ठिपका, म्हणजे टायरची हलकी जागा, व्हॉल्व्हसमोर आणून बसवली. मागच्याला एकाच जागी थोडं वजन चिकटवावं लागलं. पुढच्याला दबलेल्या जागेमुळे जास्त लागेल असा माझा समज होता, तसं झालं नाही. दबला म्हणून धातू कमी झालेला नसतो, फक्त जागेवरून सरकलेला असतो. चेनची रेषा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या, खुणांवर न सोडता दोन्ही बाजूंनी टेपनं मोजून घेतली.

परत येताना काकती सोडल्यावर वंटमुरीच्या चढाला वेग धरला. हँडल हलकं पकडून पाहिलं. ८० पर्यंत काही नाही, त्यापुढे बोटांना अगदी बारीक कंप, आधी नव्हता असा. १.३ मिलिमीटर म्हणजे एवढंच, हे आता हाताला माहीत आहे. तो वाढला तर काय समजायचं तेही माहीत आहे. नवा टायर पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरला गुळगुळीत असतो, म्हणून तवंदी घाटाच्या वळणांवर गाडी फारशी कलू दिली नाही. उसाचे ट्रॅक्टर अजून सुरू झाले नव्हते, ते एक बरं.

पुढच्या चाकाचे आकडे मी टाकीखालच्या कागदपत्रांच्या पिशवीत लिहून ठेवलेत, दबलेल्या जागेपाशी रिमवर तारीखही घातली आहे. पुढचा टायर उतरेल तेव्हा पुन्हा डायल आणि पुन्हा लाल द्रव. १.३ चे १.६ झाले किंवा कडेशी एक ठिपका जरी आला तरी ते चाक जाईल, आणि तेव्हाही एकटंच जाईल. मागचं जुनं चाक भंगारात तसंच दिलं नाही. रंगाचा एक हात मारला की ते नव्यासारखं दिसतं, आणि अशी चाकं जुन्या बाजारात कुणाच्या तरी गाडीखाली जातात. भाच्यानं ते पट्टी करवतीवर चीर जिथे होती तिथूनच कापलं. कापलेल्या तोंडावर ती चीर पट्ट्याच्या जाडीत पार आतपर्यंत गेलेली दिसली. तो तुकडा आता त्याच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे, आणि जाऊबाई तिलारीला कधी जायचं ते विचारताहेत.